डोंगराचा वाटा

चंदीगड शहराच्या उत्तर टोकाला कॅपिटल कॉम्प्लेक्स नावाचा विस्तीर्ण परिसर आहे. विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय या राज्यकारभाराच्या तीन प्रमुख वास्तू तेथे एकाच मोकळ्या प्रांगणाभोवती उभ्या आहेत. जगप्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी त्यांची रचना केली आणि २०१६ साली युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. देशोदेशीचे प्रवासी या इमारती पाहावयास येतात. मात्र त्यांच्या पाठीमागे दिसणाऱ्या शिवालिक डोंगररांगेकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. शहराची आखणी करणाऱ्यांच्या दृष्टीने ती रांग म्हणजे एक सुंदर पार्श्वभूमी होती. परंतु डोंगर हा केवळ पाहण्याचा विषय नसतो. त्याच्यावर पाऊस पडतो, त्याच्यावरून माती वाहते आणि त्याच्या अंगाखांद्यावर माणसे राहतात, शेती करतात, गुरे चारतात. या माणसांचे जगणे आणि खालच्या शहराचे जगणे किती घट्ट बांधलेले आहे, हे चंदीगडला फार लवकर कळून आले.

कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या शेजारीच सुखना तलाव आहे. डोंगरातून येणाऱ्या सुखना चो या ओढ्यावर बांध घालून १९५८ साली तो निर्माण करण्यात आला. 'चो' म्हणजे पावसाळ्यात रोरावत येणारा आणि एरवी कोरडा ठणठणीत पडणारा ओढा. नव्या शहरातील नागरिकांना संध्याकाळी निवांत फिरता यावे, पाण्यावरची थंड झुळूक अनुभवता यावी, हा या तलावामागील हेतू होता. परंतु ओढ्याने पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे गाळ. शिवालिकच्या टेकड्या वाळू, चिकणमाती आणि गोट्यांच्या ठिसूळ थरांनी बनलेल्या आहेत. वर्षभरातील बहुतेक पाऊस तेथे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतच कोसळतो. झाडझाडोरा नाहीसा झालेल्या उतारावर हा पाऊस पडला की माती लोंढ्याने खाली येते. परिणामी वीस वर्षे पुरी होण्याच्या आतच तलावाचा फार मोठा भाग गाळाने भरून गेला.

अशा प्रसंगी शहराला सुचणारा पहिला उपाय म्हणजे गाळ उपसणे. चंदीगडनेही तो केला. परंतु उपसलेल्या गाळाची जागा पुढल्या पावसाळ्यात नवा गाळ घेतो. रोग मुळाशी असताना मलमपट्टी वरवर करण्यासारखेच ते होते. तेव्हा गाळ कोठून येतो याचा शोध घेणे भाग पडले. या कामात केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेच्या चंदीगड केंद्राचे प्रमुख पी. आर. मिश्र यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या पाहणीत असे आढळले की, गाळ सर्व डोंगरांतून सारखा येत नाही. पाणलोटातील काही मोजक्या, उघड्याबोडक्या झालेल्या भागांतून तो मुख्यत्वे येतो. त्या भागांपैकी एक होता आज हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात असलेल्या सुखोमाजरी या लहानशा गावाचा परिसर.

साठेक घरांच्या या गावाची त्या वेळची स्थिती आपल्याकडील कोणत्याही डोंगराळ गावासारखीच होती. शेते लहान, पावसावर अवलंबून; मका आणि गहू पिकला तर पिकला. शेती साथ देत नाही म्हणून लोक शेळ्या पाळत. शेळ्यांना चारा हवा म्हणून त्या डोंगरावर मोकळ्या सोडत. चुलीला सरपण हवे म्हणून झाडांवर कुऱ्हाड चालवीत. डोंगर उघडा पडला की घळी वाढत आणि त्या घळी शेवटी गावाच्याच शेतांचे लचके तोडत. शेत खचले की माणूस पुन्हा शेळ्यांकडे आणि डोंगराकडे वळे. दारिद्र्य आणि धूप यांचे हे चक्र एकमेकांना फिरवीत होते. या लोकांना डोंगराचे मोल कळत नव्हते, असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याला वीस वर्षांनंतरच्या सावलीची महती सांगण्यात काय अर्थ आहे?

शास्त्रज्ञांनी घळी बुजविल्या, रोपे लावली, उतारावर चर खणले. परंतु जनावरे डोंगरावर चरत राहिली तर हे सारे व्यर्थ जाणार होते. तारेचे कुंपण घालावे तर ते किती लांब घालणार आणि त्याची राखण कोण करणार? गावकऱ्यांनी आपण होऊन डोंगर राखला तरच तो राहणार होता. पण ज्या डोंगरावर आपली जनावरे जगतात तो त्यांनी का सोडावा, या प्रश्नाला सुरुवातीला कोणाजवळच समाधानकारक उत्तर नव्हते.

हे उत्तर पाण्यातून मिळाले. १९७६ पासून पुढील काही वर्षांत गावाच्या वरच्या अंगाला मातीचे छोटे बंधारे बांधण्यात आले. त्यांचा मूळ उद्देश पाणी अडवून घळी थांबविण्याचा होता. परंतु पावसाने ओढ दिली तेव्हा साठलेल्या पाण्यावर गव्हाचे पीक वाचविता येते, हे गावकऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले. एका पाण्याने पीक हाती लागते हे उमगताच बंधारा हा शास्त्रज्ञांचा न राहता गावाचा झाला. आणि बंधारा गाळाने भरू द्यायचा नसेल, तर वरचा डोंगर राखला पाहिजे, हेही मग वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

तथापि खरी कसोटी यापुढेच होती. बंधाऱ्याचे पाणी उताराच्या दिशेने जाणार. म्हणजे ते काही मोजक्या कुटुंबांच्याच शेतांना मिळणार. ज्यांची शेते दूर होती त्यांना पाणी नाही, आणि डोंगर बंद केल्यामुळे चराईही नाही. चराई बंद करण्याचा त्याग सर्वांनी करावयाचा आणि लाभ मात्र थोड्यांनी घ्यावयाचा, ही व्यवस्था टिकणे शक्यच नव्हते. यावर गावाने शोधलेला तोडगा साधा, पण दूरगामी होता. पाणी जमिनीच्या मालकीशी जोडू नये. बंधाऱ्यातील पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क मानावा, मग त्याच्याकडे जमीन कमी असो, जास्त असो वा मुळीच नसो. ज्याला आपल्या वाट्याचे पाणी वापरता येत नाही, त्याने ते दुसऱ्याला द्यावे आणि मोबदला घ्यावा. हा कारभार पाहण्यासाठी गावकऱ्यांची संस्था स्थापन झाली. डोंगराभोवती तारेचे कुंपण न घालता गावाच्या संमतीचे कुंपण घातले गेले. मिश्र आणि त्यांचे सहकारी याला 'सामाजिक कुंपण' म्हणत. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांमुळे महाराष्ट्राला परिचित झालेली चराईबंदी हे त्याच जातीचे कुंपण होय.

त्यानंतर डोंगराने जे दिले ते उल्लेखनीय होते. सर्वांत आधी गवत परतले. त्यात भाभर हे गवत महत्त्वाचे होते. त्याचे दोर वळतात आणि कागदाच्या गिरण्यांनाही ते लागे. पूर्वी या गवताचा लिलाव बाहेरच्या ठेकेदारांना जात असे. पुढे गावाच्या संस्थेला ते कापण्याचा करार मिळाला. गवताच्या जोडीने खैर आणि शिसव यांची झाडे वाढू लागली. १९७६ मध्ये ज्या डोंगरावर हेक्टरी अवघी १३ झाडे मोजली गेली होती, तेथे १९९२ पर्यंत ही संख्या १,२०० च्या वर गेली. शेळ्या कमी झाल्या आणि गोठ्यात बांधून चारता येणाऱ्या म्हशी वाढल्या. दूध विकले जाऊ लागले. शेतात एकाऐवजी दोन पिके निघू लागली. आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला होता, तो सुखना तलावाकडे जाणारा या भागातील गाळही मोठ्या प्रमाणात घटला.

एकाच प्रदेशात झाडे, गवत, पिके आणि जनावरे यांची अशी परस्परपूरक सांगड घालण्याच्या पद्धतीला आपण वनशेती किंवा कृषिवनिकी म्हणतो. तिची रूपे अनेक आहेत. शेताच्या बांधावर झाडे व मध्ये पीक हे एक रूप. झाडांच्या मधल्या जागेत गवत राखून त्यावर जनावरे पोसणे हे दुसरे. आणि फळझाडे, भाजीपाला, चारा व सरपण यांची एकत्र लागवड हे तिसरे. ही कल्पना नवी नाही. कोकणातील नारळ, सुपारी, मिरी आणि जायफळ यांची एकाखाली एक वाढणारी कुळागरे ही वनशेतीच आहे. नागालँडमधील खोनोमा गावचे अंगामी शेतकरी पिढ्यान् पिढ्या उतारावरील शेतांत अल्डरची झाडे राखतात. त्या झाडांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि छाटलेल्या फांद्यांचे सरपण होते.

डोंगराळ प्रदेशात या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे. सपाट जमिनीवर पडलेले पाणी थांबते. उतारावर ते माती घेऊन पळते. झाडाचा पर्णसंभार पावसाच्या थेंबांचा मारा झेलतो, पालापाचोळा पाण्याचा वेग कमी करतो, मुळे माती धरून ठेवतात आणि पाण्याला जमिनीत मुरण्यास वाट करून देतात. शिवाय एक पीक बुडाले तरी गवत, फळे, दूध किंवा लाकूड यांपैकी काहीतरी हाती राहते. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने वनशेती ही एक प्रकारची विमा योजनाच आहे.

मग असा प्रश्न पडतो की, इतकी हितकारक पद्धत सर्व डोंगरांवर का दिसत नाही? आजवर वृक्षारोपणाचे कार्यक्रम काही कमी झाले नाहीत. दर पावसाळ्यात लाखो रोपे लावल्याचे आकडे जाहीर होतात आणि पुढल्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा खड्डे खणले जातात. १९०० सालीच पंजाबात चो आवरण्यासाठी भूसंधारणाचा कायदा झाला होता. परंतु कायदा होता म्हणून सुखोमाजरीचा डोंगर उघडा पडावयाचा राहिला नाही. याचे कारण माझ्या मते असे आहे की, आपण वनशेतीला झाडांचा प्रश्न समजतो. वास्तविक तो वाटणीचा प्रश्न आहे. डोंगर राखताना कोणी काय सोडावयाचे आणि त्याच्या बदल्यात कोणाला काय मिळावयाचे, हे ठरल्याशिवाय लावलेले झाड शेळीच्या तोंडी किंवा चुलीत जाणार हे निश्चित. सुखोमाजरीत लावलेल्या खैर-शिसवीचे गुण इतर ठिकाणच्या झाडांहून वेगळे नव्हते. वेगळी होती ती पाण्याची वाटणी.

या मतावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, झाडांना वेळ लागतो आणि गरीब शेतकरी थांबू शकत नाही. शिवाय झाडांच्या सावलीने पीक कमी येते. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच लाभांचा क्रम महत्त्वाचा आहे. पाणी आणि गवत वर्षभरात लाभ देतात, फळझाडे चार-पाच वर्षांनी देतात आणि इमारती लाकूड पंधरा-वीस वर्षांनी. पहिल्या वर्षाची सोय न करता पंधराव्या वर्षाचे स्वप्न दाखविणारी योजना डोंगरावर तग धरीत नाही. पंजाब-हरियाणाच्या सपाट भागातील बागायतदार गव्हाच्या शेतात पॉपलरची झाडे लावून सहा-सात वर्षांनी त्यांचे लाकूड विकतो. त्याच्याकडे कालव्याचे वा विहिरीचे पाणी असते आणि मधल्या काळात पीकही असते. कोरडवाहू डोंगरी शेतकऱ्याला तोच सल्ला देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खोल पाण्याचा मार्ग दाखविण्यासारखे आहे.

क्रम सांभाळला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी 'वाडी' कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जव्हार-मोखाडा या सह्याद्रीच्या पट्ट्यातही आला. वाडी म्हणजे साधारणतः एक एकर वरकस जमिनीवर आंबा आणि काजू यांची कलमे, त्यांच्या मधल्या जागेत नागली, वरई, कडधान्ये वा भाजीपाला आणि बांधावर सरपण व चारा देणारी झाडे. मधल्या पिकांमुळे पहिल्या वर्षापासून घरात धान्य येते. कलमे फळावर येईपर्यंत कुटुंब तग धरते. जेथे वाडी नीट जोपासली गेली, तेथे पावसाळा संपताच वीटभट्टीच्या वाटेला लागणारी कित्येक कुटुंबे गावातच थांबू लागली. पुढे 'नाबार्ड'ने आदिवासी विकास निधीतून हा नमुना देशाच्या अनेक भागांत नेला.

तथापि वाडीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ती ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच लावता येते. डोंगराळ भागातील कितीतरी कुटुंबे अशी आहेत की, ती पिढ्यान् पिढ्या जमीन कसतात, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. उद्या आपल्याला येथून उठवतील अशी धास्ती असणारा माणूस भात लावील, आंबा लावणार नाही. आंब्याच्या कलमाला जमिनीइतकाच भरवशाचाही आधार लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कसणाऱ्यांचे हक्क मान्य करण्याची वाट मोकळी केली. म्हणून मी त्या कायद्याला वनशेतीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा मानतो. आणि ज्यांच्याकडे कसण्यापुरतीही जमीन नाही, त्यांच्यासाठी गावाच्या सामाईक डोंगरातील गवत, फळे व पाणी यांतील वाटा ठरविणे, हा सुखोमाजरीचा धडा गिरविण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या सुखोमाजरीचे गोडवे गायले जातात, तेथेही ती व्यवस्था पुढे जशीच्या तशी राहिली नाही, असे टीकाकार म्हणतात. हे नाकारण्याचे कारण नाही. काही बंधारे कालांतराने गाळाने भरले. समान वाट्याची मूळ पद्धत मागे पडून ताशी दर देऊन पाणी घेण्याची पद्धत आली. गवताच्या उत्पन्नातील हिस्सा वनखात्याकडे जाऊ लागला आणि गावाच्या संस्थेच्या उत्पन्नावर आयकरही आकारला गेला. जवळच्या शहरांत नोकऱ्या मिळू लागल्यावर तरुणांचे लक्ष डोंगरावरून ढळले. परंतु हा इतिहास नीट वाचला तर तो माझ्या म्हणण्याला विरोध करीत नाही, उलट दुजोराच देतो. जोवर डोंगर राखण्याचा लाभ राखणाऱ्याच्या हाती पडत होता, तोवर राखण चोख होती. त्या लाभाला वाटेकरी वाढले आणि कष्टांना मात्र कोणी वाटेकरी झाले नाही, तेव्हा ती सैल पडली. यात उणीव डोंगराची नव्हे आणि गावकऱ्यांचीही नव्हे. वाटणीचे गणित बिघडल्याचा तो परिणाम आहे.

शासनाची भूमिका येथे निर्णायक ठरते. भारताने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवनिकी धोरण स्वीकारले. असे स्वतंत्र धोरण करणारा तो जगातील पहिला देश ठरला. शेतकऱ्याने स्वतः लावलेली झाडे तोडताना व लाकडाची वाहतूक करताना येणारे अडथळे कमी करावेत, असे या धोरणात म्हटले आहे. ही सूचना किती आवश्यक आहे हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सांगावयास नको. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, खैर यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. जंगलाचे रक्षण हा या कायद्याचा हेतू योग्यच आहे. परंतु त्याचा एक उलटा परिणामही होतो. जे झाड वाढविल्यावर विकण्यासाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतील, ते शेतकरी रोप असतानाच उपटून टाकतो. लावणाऱ्याचा हक्क निःसंदिग्ध असेल, तरच लावण्याचा उत्साह टिकेल.

आता शहराकडे वळू. सुखोमाजरीने डोंगर राखला, त्याचा एक मोठा लाभ चंदीगडला झाला. तलावात येणाऱ्या गाळाचा एक मोठा मार्ग रोखला गेला आणि तेवढा उपसण्याचा भार हलका झाला. परंतु शहराने या सेवेचे मोल नियमितपणे गावाला दिले, असे मात्र झाले नाही. पुढे २०१० नंतरच्या दशकात काही उन्हाळ्यांत तलावाचे पात्र मोठ्या प्रमाणात उघडे पडले, तेव्हा पाणलोटातील बंधाऱ्यांमुळेच पाणी अडते, असाही सूर शहरातून उमटला. म्हणजे गाळ आला तरी दोष डोंगराचा आणि पाणी आले नाही तरी दोष डोंगराचाच! २ मार्च २०२० रोजी कॅपिटल कॉम्प्लेक्समधील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना तलाव ही सजीव सत्ता असल्याचे जाहीर केले आणि पाणलोट क्षेत्रातील बेकायदा बांधकामांविरुद्ध कठोर भूमिका घेतली. हा निकाल स्वागतार्ह आहे. मात्र तलावाला हक्क असतील, तर तलावाला जगविणाऱ्या डोंगरातील माणसांनाही ते असले पाहिजेत, हा विचार त्याच दिशेने एक पाऊल पुढे नेणारा ठरेल. त्याच प्रांगणात 'उघडा हात' हे भव्य शिल्प आहे. घेण्यासाठी आणि देण्यासाठी खुला असलेला हात, असा त्याचा अर्थ ल कॉर्बुझिए यांना अभिप्रेत होता. डोंगराच्या बाबतीत शहराचा हात आजवर घेण्यासाठीच अधिक खुला राहिला आहे.

आणि हे एकट्या चंदीगडचे वर्तन नाही. मुंबईची तहान भागविणारी भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे ज्या शहापूर-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील पाण्यावर भरतात, त्याच भागातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या वरच्या उतारावर झाडे राखावीत अशी अपेक्षा त्या लोकांकडून केली जाते. परंतु राखणाऱ्याच्या घरी पाण्याचा हंडा कसा भरेल, याची काळजी मात्र शेवटी केली जाते. याउलट, न्यूयॉर्क शहराने १९९७ साली आपल्या पाणलोटातील डोंगराळ गावांशी करार केला. तेथील शेतकऱ्यांनी व गावांनी पाणी स्वच्छ राहील अशी शेती व व्यवस्था करावी आणि त्याचा खर्च शहराने उचलावा, असे ठरले. महागडी शुद्धीकरण यंत्रणा उभारण्यापेक्षा डोंगरातील माणसांना भागीदार करून घेणे शहराला स्वस्त पडले. जी गोष्ट केवळ दयाबुद्धीने करावयाची नसून हिशेबानेही फायद्याची आहे, ती आपल्या शहरांनी का करू नये? पाणीपट्टीतील लहानसा भाग पाणलोटातील ग्रामसभांना वनशेतीसाठी नियमितपणे मिळाला, तर डोंगर राखणे हे उपकाराचे नव्हे तर रोजगाराचे काम होईल.

ज्या गावाला वनशेतीची वाट धरावयाची आहे, त्याने रोपे मागविण्यापूर्वी ग्रामसभेत तीन गोष्टींचा निर्णय करावा, असे मला वाटते. पहिली, डोंगर बंद केल्यावर ज्यांची चराई व सरपण जाईल त्यांना पहिल्याच वर्षी काय मिळेल. दुसरी, पाणी, गवत आणि फळे यांत भूमिहीनांचा व स्त्रियांचा वाटा कोणता. डोंगरावरून सरपणाची मोळी आणि चाऱ्याचा भारा आणणारी बहुधा स्त्रीच असते. तेव्हा चराईबंदीचा पहिला फटका तिला बसतो आणि तिच्या संमतीवाचून केलेला ठराव कागदावरच राहतो. तिसरी गोष्ट, हिशेब कोण ठेवील आणि तो सर्वांसमोर केव्हा वाचला जाईल. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ठरली, तर कोणती झाडे लावावीत हे सांगणारे तज्ज्ञ मिळतील आणि रोपेही मिळतील. उत्तरे न ठरविता लावलेली रोपे मात्र खड्ड्यांचे आकडे वाढवतील.

डोंगरातील माणसाला आपण आजवर बहुधा दोनच रूपांत पाहिले: एक जंगल तोडणारा अपराधी किंवा दुसरा मदतीस पात्र गरीब. वनशेतीच्या दृष्टीने तो या दोहोंपैकी कोणीही नाही. माती आणि पाणी राखून खालच्या सर्वांचे जगणे सुकर करणारा तो एक कष्टकरी आहे, आणि प्रत्येक कष्टकऱ्याप्रमाणे त्यालाही त्याच्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. तो ज्या दिवशी नियमाने मिळू लागेल, त्या दिवसापासून डोंगर हिरवे ठेवण्यासाठी कोणाला उपदेश करावा लागणार नाही.